परदेशातील लोकशाहीच्या कामांसाठी पैसा : अमेरिकेची एंडोमेंट की संयुक्त राष्ट्रांचा निधी?

लोकशाही व मानवाधिकारांच्या कामांना सरकारी पैसा पोहोचवणाऱ्या दोन वाटांची ही तुलना आहे : 1983 मध्ये स्थापन झालेली अमेरिकेची नॅशनल एंडोमेंट फॉर डेमॉक्रसी आणि 2005 मध्ये सुरू झालेला संयुक्त राष्ट्रांचा लोकशाही निधी.

एंडोमेंट कायद्याने खासगी संस्था असली, तरी तिचा जवळजवळ सगळा पैसा अमेरिकी काँग्रेसच्या वार्षिक तरतुदीतून येतो; प्रस्ताव मंजूर करण्याचा अधिकार मात्र तिच्या स्वतंत्र संचालक मंडळाकडे असतो. अनुदाने लहान, साधारण 50 हजार डॉलरच्या आसपासची असतात आणि मंडळ वर्षातून चार वेळा बसत असल्यामुळे तुरुंगातील कार्यकर्त्यांची बाजू मांडणाऱ्या छोट्या गटाला पुढच्या वर्षापर्यंत ताटकळावे लागत नाही. हा लवचीकपणा मला सर्वांत मोलाचा वाटतो. पण एकाच तिजोरीवर विसंबण्याचा धोका 2025 मध्ये उघड झाला : सरकारने निधी रोखला आणि संस्थेला न्यायालयात जावे लागले.

संयुक्त राष्ट्रांचा निधी अनेक देशांच्या ऐच्छिक वर्गणीवर चालतो (भारत त्याच्या मोठ्या देणगीदारांपैकी आहे, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही). तेथे रक्कम मोठी आणि मुदत दोन वर्षांपर्यंत असते. परंतु अर्ज सहसा वर्षातून एकदाच मागवले जातात आणि तेही इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये, त्यामुळे गावपातळीवरची संस्था पहिल्याच पायरीवर अडखळते. रशियाने 2015 मध्ये एंडोमेंटला ‘अवांछित’ ठरवले, म्हणजे तिच्या कामावर देशात बंदी घातली. अशा देशांत अमेरिकी पैशापेक्षा संयुक्त राष्ट्रांचे नाव कार्यकर्त्यांना कमी अडचणीचे ठरू शकते.