नेटलोगोवर नवशिक्यांसाठी धडे लिहिताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

मॉडेलिंगचे अगदी पहिले धडे लिहायचे असतील तर नेटलोगो घ्या, असंच मी सांगेन. उरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये आणलेलं, पडद्यावरच्या अनेक पात्रांना साधे नियम देऊन मॉडेल बनवायचं हे सॉफ्टवेअर मोफत आहे, ब्राउझरमध्येही चालतं, आणि चार ओळी लिहिल्या की पडद्यावर काहीतरी हलायला लागतं. फक्त धड्याची सुरुवात तयार मॉडेलपासून करू नका. लायब्ररीतलं लांडगे-मेंढ्यांचं मॉडेल सुरेख आहे, पण नवशिका त्यात स्लायडर (किंमत बदलायच्या सरकपट्ट्या) सरकवत बसतो आणि कोडकडे वळतच नाही.

कोऱ्या फाइलपासून सुरू करा. सेटअपमध्ये, म्हणजे मॉडेलच्या सुरुवातीच्या मांडणीत, तीनच आज्ञा: क्लिअर-ऑल (सगळं पुसा), १०० टर्टल (पडद्यावर फिरणारी पात्रं) तयार करा, रीसेट-टिक्स (पावलांची मोजणी शून्यावर आणा). लगेच चालवून दाखवा. शंभर टर्टल मागितले आणि मध्यभागी एकच ठिपका दिसतो, कारण सगळे (०, ०) वरच जन्मतात. हे आधीच सावरून घेऊ नका. ते दिसल्यावरच सेटएक्सवाय (टर्टलला दिलेल्या जागी ठेवणारी आज्ञा) आणि रँडम-एक्सकॉर (कुठलंही एक आडवं स्थान निवडणारी) यांची गरज पटते. पुढे गो, म्हणजे प्रत्येक पावलाला चालणारा भाग: थोडं उजवीकडे, थोडं डावीकडे, एक पाऊल पुढे, शेवटी टिक. सेटअपमध्ये रीसेट-टिक्स राहून गेलं असेल तर गाडी इथे अडते. गो बटणाच्या 'फॉरेव्हर' चौकटीत खूण नसेल तर एका क्लिकला एकच पाऊल पडतं, आणि मॉडेल बिघडलं असं वाटतं.

धड्यात ठळक चौकट द्यावी अशी एक चूक आहे. 'एनर्जी-१' असं सलग लिहिलं तर नेटलोगो वजाबाकी करत नाही. या भाषेत नावातही जोडरेघ चालते, म्हणून ते अख्खं एक नाव समजलं जातं आणि असं काही नाही, असा संदेश येतो. वजाच्या दोन्ही बाजूंना जागा हवीच.

खरी गंमत प्रजननाच्या धड्यात आहे. हॅच ही आज्ञा पिलाला आईच्या सगळ्या चलांची नक्कल देते. आईची ऊर्जा २० असताना आधी निम्मी केली आणि मग हॅच केलं, तर दोघांकडे १०-१०. क्रम उलटला तर पिलाकडे २०, आईकडे १०, एकूण ३०. दहा एकक ऊर्जा हवेतून आली! संख्या भडकते, पण एररचा लाल संदेश कुठेच येत नाही. धड्यात हे दोन्ही क्रम शेजारी-शेजारी चालवून, एकूण ऊर्जेचा मॉनिटर (आकडा दाखवणारी चौकट) लावून दाखवावेत. कोड चालला म्हणजे मॉडेल बरोबर, हा समज इथे जितका चटकन सुटतो तितका दुसरीकडे क्वचितच.

त्रास एकाच गोष्टीचा आहे, आणि तो कायम राहतो. स्लायडर कोडच्या मजकुरात नसतात. धड्यातला कोड उचलून चिकटवला की स्लायडरचं नाव सापडत नाही आणि काम ठप्प होतं. म्हणून प्रत्येक टप्प्याच्या आधी स्लायडरचं नेमकं नाव, किमान, कमाल आणि सुरुवातीची किंमत लिहून द्या, किंवा त्या टप्प्याची अख्खी फाइल जोडा. तेच नाव ग्लोबल्समध्ये (कोडमधल्या सामाईक चलांच्या यादीत) पुन्हा जाहीर केलं तरीही एरर येते.

आलेख छापायचे असतील तर सेटअपमध्ये रँडम-सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारी संख्या) ठरवून द्या, म्हणजे त्याच आवृत्तीवर वाचकालाही तुमचाच आलेख मिळेल. धडा संपता संपता ती ओळ काढायला लावा आणि मॉडेल निदान दहा वेळा चालवायला सांगा. नाहीतर एका फेरीतला आलेखच त्याला मॉडेलचं उत्तर वाटतो.