हुर्राक तावेर्नात, फेणी कॉकटेल बारमध्ये : पणजीतल्या सहा महिन्यांचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकतो. हुर्राक, म्हणजे काजूच्या फळाची पहिल्या धारेची हलकी दारू, प्यायचा तर तावेर्नात, म्हणजे जुन्या छोट्या गुत्त्यात जा आणि फेणीचं कॉकटेल घ्यायचं तर नीट चालवलेल्या बारमध्ये. उलट केलंत की दोन्हीकडे पैसे वाया. फेब्रुवारीच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत फोंताइन्हास आणि सांत तोमेच्या गल्ल्यांतली तावेर्नं, बाजारामागची जेवणाची ठिकाणं आणि गेल्या काही वर्षांत उघडलेले कॉकटेल बार, असं सगळं पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या दिवशी पाहून हे लिहितोय. एका भेटीवर बार कळत नाही. मार्चमध्ये उत्तम असलेली जागा जूनमध्ये तीच राहत नाही आणि त्यामागे कारणं आहेत.

आधी हुर्राक. झाडावरून आपोआप गळून पडलेले पिकले बोंडू, म्हणजे काजूची फळं, गोळा करतात, बी पिळून वेगळी काढतात, बोंडू कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या कुंडीत, तुडवून रस काढतात. बाहेरचं काहीही न घालता तो दोन-तीन दिवस आंबतो आणि मग भाणात, म्हणजे गाळायच्या हंड्यात, घालून भट्टीवर चढतो. पहिल्या धारेचा तो हुर्राक, साधारण १५ टक्के अल्कोहोल. हाच हुर्राक आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा गाळला की फेणी, बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. या दोन आकड्यांतच सगळा फरक आहे. १५ टक्क्यांच्या दारूत फळाचा वास असतो, पण तो धरून ठेवायला जोर नसतो. उजेडात, उकाड्यात, अर्ध्या भरलेल्या बाटलीत तो काही आठवड्यांत उतरतो आणि मागे नुसता आंबटपणा राहतो. म्हणून हुर्राक जिथे रोज खपतो तिथेच प्यावा. ज्या तावेर्नात माल दोन दिवसांत संपतो आणि दर आठवड्याला ठरावीक भट्टीवरून नवा येतो, तिथल्या साध्या काचेच्या ग्लासाला तोड नाही.

सरळ विचारा : "पात्रांव (मालक), हुर्राक खंयचो?" सत्तरी, पेडणे, काणकोण, कुठल्याही तालुक्यातलं गाव येऊ द्या, पण उत्तर यायला हवं. चांगला तावेर्नवाला भट्टीवाल्याच्या गावासकट सांगतो, वर "कालच आयला" असंही जोडतो. "गोंयचोच" एवढंच मोघम उत्तर आलं तर तिथे बिअर घ्या.

ग्लास आला की बर्फ पडायच्या आधी नाकाशी धरा. पिकल्या बोंडूचा गोडसर, घशाला किंचित धरणारा वास यायला हवा. करपट वास आला तर रस न गाळता भाणात गेलाय आणि चोथा तळाला लागलाय. व्हिनेगरची झाक आली तर रस जास्त आंबला किंवा हुर्राक जुना झाला. प्लास्टिकचा वास तर लगेच कळतो, कॅनमध्ये उन्हात उभा राहिलेला माल. जूनच्या मध्यानंतर आणखी एक प्रकार भेटतो, फेणीत पाणी घालून हुर्राक म्हणून विकायचा. ताकद तेवढीच करता येते, ताजं फळ आणता येत नाही. वास टोकदार आणि चव पोकळ लागते, कधी रंगही हलका दुधाळ दिसतो. पावसाळ्यात कुणी "ताजो हुर्राक" म्हणाला तर विश्वास ठेवू नका. हंगाम फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू होतो आणि पाऊस सुरू होता होता संपतो.

आता ग्लास भरण्याची पद्धत, कारण बहुतेक ठिकाणी इथेच घोळ होतो. बरोबर क्रम असा : रिकाम्या ग्लासात अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, त्यावर ९० मिली हुर्राक, आणि मीठ विरघळेपर्यंत ढवळणं. मग तीन-चार मोठे घन बर्फाचे तुकडे, एक हिरवी मिरची उभी चिरून, आणि सगळ्यात शेवटी ग्लास तिरका धरून कडेने १२० मिलीच्या आसपास लिमका. मीठ शेवटी टाकलं की त्याच्या कणांवर वायू एकदम सुटतो, ग्लास उतू जातो आणि उरलेलं पेय मेलेलं लागतं. गर्दीच्या वेळी पोरं घाईत नेमकं हेच करतात. लिमका छोट्या बाटलीची, तुमच्यासमोर उघडलेली मागा. दोन लिटरच्या बाटलीतली तिसऱ्या ग्लासापर्यंत बसलेली असते आणि हुर्राकचा वास नाकापर्यंत पोहोचवायचं काम तो फसफसाटच करतो. मिरची बारीक चिरून टाकणाऱ्यांना थांबवा. उभी चिरलेली मिरची हळूहळू उतरते आणि दहा मिनिटांनी काढूनही टाकता येते. बारीक तुकडे दातांत येतात आणि अर्ध्या ग्लासानंतर तिखटाशिवाय काही कळत नाही.

हे सगळं नीट जमलेली जागा म्हणजे फोंताइन्हासमधला जोसेफ बार. खोली एवढीशी की माणसं ग्लास घेऊन गल्लीतच उभी राहतात. बसायला जागा मिळेल या हिशेबाने जाऊ नका. दुपारीही जाऊ नका. पणजीतली बरीच जुनी तावेर्नं दुपारच्या झोपेला बंद होतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात.

मग हुर्राकचं कॉकटेल बारमध्ये का घेऊ नये? हिशेब करून पाहा. ६० मिली हुर्राक, २० मिली लिंबाचा रस, १५ मिली पाक, शेकरमध्ये बर्फाचं पाणी होतं साधारण २५ मिली. एकूण १२० मिली, ताकद साडेसात टक्के. लांब ग्लासातल्या फसफसत्या पेयाला ती शोभते. बुटक्या ग्लासातल्या आंबटगोड कॉकटेलमध्ये मात्र लिंबू आणि साखरच पुढे येते, हुर्राक कुठे गेला ते शोधावं लागतं. त्याच जागी ४५ मिली फेणी घाला, बाकी सगळं तसंच ठेवा. १०५ मिलीत १८ टक्क्यांवर ताकद राहते आणि फेणी लिंबाला पुरून उरते. बारवाल्यांनी हुर्राकसाठी स्वतंत्र यादी छापण्यापेक्षा फेणीकडे लक्ष द्यावं असं मनापासून वाटतं.

कारण फेणीचं काम हे बार खरोखर चांगलं करू लागलेत. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. त्याआधी ती कागदोपत्री देशी दारूच होती आणि मोठ्या हॉटेलांच्या कपाटात तिला जागा नव्हती. आता काजुलोसारख्या बाटल्या जिनच्या शेजारी उभ्या दिसतात आणि बारटेंडर तिची चव घेऊन बोलतात.

एका बारमध्ये काउंटरवर बसून पाहिलेलं काम सांगतो. माडाच्या काळ्या गुळाचा पाक, गूळ आणि पाणी वजनाने समसमान, उकळी न आणता नुसतं विरघळवून गाळलेला. लिंबू ऑर्डर आल्यावर पिळलं. मापाच्या पेल्याने फेणी ४५ मिली, लिंबू २०, पाक १५. शेकर बर्फाने वरपर्यंत भरला, दहा-बारा सेकंद जोरात हलवला, बारीक गाळणीतून थंड ग्लासात ओतला. वर लिंबाच्या सालीचा एक पिळा, बस. पहिल्या घोटात गूळ, मग लिंबू, आणि गिळल्यावर नाकातून वर येणारा बोंडू. उकळलेला पाक असता तर काकवीचा कडवटपणा आला असता. शेकर अर्धाच भरला असता तर थोडा बर्फ भराभर वितळून पेय पाणचट झालं असतं.

जिथे बिघडतं तिथे बहुधा चार-पाच ठरावीक चुका सापडतात. सकाळी पिळून बाटलीत भरलेला लिंबाचा रस संध्याकाळपर्यंत कडवट होतो. डब्यातला संत्र्याचा रस फेणीशी कधीच जुळत नाही, दोघांचा गोडसर वास एकमेकांवर चढतो आणि पेय औषधासारखं लागतं. कोकमाचं आगळ वापरून वर ग्लासाच्या कडेला मीठ लावणं ही तर नेहमीची चूक. आगळात मीठ असतंच, १० मिलीच्या वर गेलं की पुरे होतं, कडेच्या मिठाने पेय खारट होतं. धुराचे बुडबुडे आणि कोरडा बर्फ हे फोटोसाठी ठीक, पण फेणीला मुळात इतका वास आहे की वरून धूर घालणं म्हणजे तिचं तोंड दाबणं. आणि फेणी फ्रीजरमध्ये ठेवणारे बार टाळा. गारठलेल्या फेणीचा वास बसतो, मग लोक म्हणतात की फेणीत काही विशेष नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्याने कॉकटेलच्या आधी ३० मिली फेणी साधी मागवावी, थंड न केलेली, सोबत १० मिली पाणी. पाणी घातल्यावर वास मोकळा होतो. आवडली तर ४५ मिली फेणी, १५० मिली टॉनिक आणि लिंबाची साल. टॉनिकचा कडूपणा फेणीच्या उग्रपणाला बरोबर धरतो. पणजीत सगळ्यात कमी वेळा बिघडलेलं पेय हेच. काजूचा वास अजिबातच सहन होत नसेल तर माडाची फेणी विचारा. ती सौम्य असते, ९० मिली शहाळ्याच्या पाण्यात छान मिसळते. दक्षिण गोव्यात सहज मिळते, पणजीत शोधावी लागते, कारण माडावर चढणारे रेंदेरच कमी होत चाललेत.

खाण्याच्या बाबतीत तावेर्नं पुन्हा पुढे. हुर्राकबरोबर मिठातली तोरं (कोवळ्या कैऱ्या), उकडलेले शेंगदाणे आणि किसमूर, एवढं असलं की ताट भरलं. किसमूर मात्र मागितल्यावर कालवलेली हवी. सुकं सुंगट, म्हणजे सुकी कोळंबी, भाजून कुरकुरीत, ओलं खोबरं, कांदा, मिरची, कोकम किंवा चिंच. आधी कालवून ठेवली की खोबऱ्याचं आणि कांद्याचं पाणी सुटून सुंगट चामट होतात. फेणीबरोबर शोरीस (गोव्याचं मसालेदार सॉसेज) पाव. शोरीसाची चरबी आणि व्हिनेगर फेणीचा जोर नीट पेलतात, हुर्राक मात्र त्यापुढे दबून जातो.

माशांसाठी तारीख लक्षात ठेवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. या ६१ दिवसांत इसवण (सुरमई) रवा फ्राय मागवलीत तर ती बहुधा बर्फातली असते. ओळखायचं कसं? कापाला काटा लावला की रव्याचं कवच टरफलासारखं सुटून येतं आणि आत पाण्याची पुसट फिल्म दिसते, मांस भुसभुशीत तुटतं. गोठवलेला मासा पुरता न निथळता तव्यावर टाकला की असंच होतं. ताजा मासाही ओला राहिला किंवा तेल पुरेसं तापलं नाही तर कवच सुटतंच, पण त्याचं मांस पाकळ्यांसारखं उलगडतं. रव्यात थोडं तांदळाचं पीठ मिसळणाऱ्या खानावळींत कवच जास्त चांगलं धरतं. त्या दोन महिन्यांत खाडीचे मासे विचारा, चोणक, शेवटो. नाहीतर सुक्या सुंगटांची कढी आणि उकडा भात, त्यात फसवणूक होत नाही. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापासून रेशाद (लाल तिखट मसाला भरलेला) बांगडा पुन्हा मागवण्यासारखा झाला.

बिलाकडे पाहायची सवय ठेवा. कॉकटेलच्या यादीत फेणी ४५ मिली की ६०, हे छापलेलं असावं. नसेल तर विचारा. एका बारमध्ये तेच नाव, तीच किंमत, पण शनिवारच्या गर्दीत ओतणं सरळ बाटलीतून, मापाशिवाय. दोन ग्लास शेजारी ठेवले तर रंगातच फरक दिसत होता. जेवणावर बहुतेक ठिकाणी ५ टक्के जीएसटी लागतो, दारूवर जीएसटी नाही, तेव्हा दोन्हींची बेरीज करून त्यावर ५ टक्के लावलेले दिसले तर तिथेच दाखवा. सेवा शुल्क आपोआप लावता येत नाही, ४ जुलै २०२२ ला ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तसे निर्देश काढलेत. शांतपणे सांगितलं की बहुतेक ठिकाणी काढून देतात.

घरी न्यायचा असेल तर हुर्राक काचेच्या बाटलीत, तोंडापर्यंत भरून, फ्रीजमध्ये, आणि एकदा उघडला की आठवड्यात संपवा. फेणीला फ्रीज नको, कपाटाचा अंधार पुरे, बूच घट्ट हवं. सुटी फेणी घेताना बाटली झटकून हलवा. चांगल्या ताकदीच्या फेणीवर मण्यांसारखा फेस काही क्षण टिकतो, पाणी घातलेलीवर लगेच विरतो. फेणी हे नाव या फेसावरूनच पडलंय असं भट्टीवाले सांगतात. पत्रादेवीमार्गे सिंधुदुर्गात परतणार असाल तर बाटली नेण्याआधी परवान्याची नीट चौकशी करा. विनापरवाना बाटली बांद्याच्या नाक्यावर जप्त होऊ शकते, सोबत गाडीही अडकू शकते.