शेताच्या कामाची कोण: कुंभारीण की क्रायसोपा?

आमच्या दाराच्या चौकटीवर कुंभारीण माशीने गाडगं घातलंय. सुपारीएवढं, तोंडाला चक्क काठ! आत ती छताला बारीक धाग्याने एकच अंडं टांगते, मग अळ्या पकडून आणते. नांगी मारली की त्या लुळ्या पडतात, मरत नाहीत. पिल्लाला डबा ताजा मिळतो. गाडगं भरलं की चिखलाने तोंड बंद.

क्रायसोपा म्हणजे जाळीदार पंखांची, पिकावरची कीड खाणारी मित्रकीड. तिची मादीही अंडं अधांतरीच ठेवते, पण पानावर उभ्या केलेल्या केसासारख्या देठाच्या टोकाला. का? तर आधी फुटलेली अळी शेजारची अंडीसुद्धा सोडत नाही. इथे आयता डबा नाही. अळी विळ्यासारख्या पोकळ जबड्यांत मावा, म्हणजे पिकाचा रस पिणारी बारीक कीड, धरते, रस शोषते, सालपट टाकून पुढे.

कपाशीवर मावा पडला असेल तर क्रायसोपाच. त्याची अंडी विकतही मिळतात. कुंभारीण माव्याकडे ढुंकून बघत नाही, आणि एका वेळी एकाच पिल्लाचा संसार मांडते. शेताचा हिशोब असा सरळ आहे. तरी माझा जीव कुंभारणीवर. ते गाडगं मी कुणाला झाडूने पाडू देत नाही.