ओबर्लिनची ऑडिओ टूर: घ्या, पण पॉवर बँक सोबत ठेवा

आई नाशिकहून आली होती, नायगरा वगैरे बघून झाला, मग एका शनिवारी तिला ओबर्लिनला घेऊन गेले, ओहायोतलं कॉलेजचं छोटं गाव, क्लीव्हलंडहून गाडीने पाऊण-एक तास. फोनवर एक ऑडिओ टूर विकत घेतली होती, नाव लिहीत नाही कारण बनवणारे दोन-चारच लोक असावेत आणि खाली तक्रारी आहेत. विषय: १८४० च्या दशकातल्या कॉलेजच्या मुली आणि मताधिकाराची चर्चा. इयरफोनचा एक जोड, एक बोंडूक माझ्या कानात, एक आईच्या, आणि तो अमेरिकन उच्चार तिला झेपेना म्हणून मी पॉज करून करून मराठीत सांगतेय, त्यामुळे दीड तासाची टूर तीन तास चालली.

आधी कुरकुर. जीपीएस गंडलेलं आहे, चर्चच्या दारात उभं राहून फोन म्हणतो अजून चर्च आलं नाही. आणि त्या चर्चच्या विटांवर सहा मिनिटं! ज्या गोष्टीसाठी पैसे भरले ती मात्र चाळीस सेकंदांत उरकली, तीही एका पार्किंगशेजारी.

गोष्ट अशी की ओबर्लिनने १८३७ मध्येच चार मुलींना डिग्री कोर्सला घेतलं होतं, तेव्हा अमेरिकेत असं कुठेच नव्हतं, कृष्णवर्णीय विद्यार्थी तर १८३५ पासून होते. पण वक्तृत्वाच्या वर्गात मुलींनी नुसतं बसून ऐकायचं, वाद पोरं घालणार. हे सांगितल्यावर आई म्हणाली, "मग आमच्या कॉलेजात वेगळं काय होतं गं, वादविवाद पोरांचा आणि स्वागतगीत मुलींचं."

१८४३ मध्ये लूसी स्टोन आली, पुढे बायकांच्या हक्कांसाठी लढली तीच, तेव्हा पंचविशीची, खिशात पैसे नाहीत, मुलींच्या वसतिगृहात तासाला ३ सेंट मजुरीवर काम करायची आणि भांडी पुसताना ग्रीकचं पुस्तक समोर टेकवून ठेवायची. (हा भाग टूरमध्ये मस्त केलाय, मागे ताटल्यांचा आवाज आहे.) तिची मैत्रीण अँटोनेट ब्राउन, तिला थेट पाद्री व्हायचं होतं. दोघींनी प्राध्यापक थोम यांना गळ घालून एकदा वर्गात एकमेकींविरुद्ध वाद घातला, ऐकायला गर्दी लोटली, आणि लगेच लेडीज बोर्डाने, म्हणजे मुलींवर लक्ष ठेवणाऱ्या बायकांच्या समितीने, बंदी घातली, बायकांनी चारचौघांत बोलू नये असं बायबलात आहे म्हणे. बंदी घालणाऱ्या पण बायकाच हं. मग या मुली गावाबाहेर रानात जमून चोरून वाद घालायला लागल्या, राखणीला कुणीतरी उभी, आणि नंतर गावाच्या टोकाला राहणाऱ्या एका वयस्कर कृष्णवर्णीय बाईने त्यांना आपलं घर दिलं.

आईने विचारलं, "तिचं नाव काय?" मी दोनदा मागे नेऊन ऐकलं, टूरमध्ये नाव नाहीच. विटा कुठल्या ते आहे.

नावाबद्दल पण एक खोड काढते, मताधिकाराची चर्चा म्हणून विकतात पण तेव्हा या मुलींचं खरं भांडण मतपेटीच्या बरंच आधीचं होतं, तोंड उघडू देता का नाही एवढंच. न्यूयॉर्क राज्यात सेनेका फॉल्सला बायकांच्या हक्कांची सभा झाली, तिथे मताची मागणी झाली ती १८४८ मध्ये, लूसी त्याआधीच, १८४७ मध्ये पास होऊन गेली होती. पास होतानाही समारंभासाठी निबंध लिहायला तिने नकार दिला, कारण तो स्टेजवर पुरुष प्राध्यापक वाचणार होते. त्याच कॉलेजने १८८३ मध्ये पन्नास वर्षांच्या सोहळ्यात तिला भाषणाला बोलावलं. अँटोनेट १८५० पर्यंत तिथेच धर्मशास्त्र शिकली, सगळा अभ्यास पुरा केला, डिग्री दिली नाही.

पुढे दोघींनी सख्ख्या भावांशी लग्नं केली, ब्लॅकवेल बंधू. आई रस्त्यातच थांबली. "म्हणजे जावा जावा? आणि भांडल्या नाहीत?" म्हटलं आई, त्यांची सुरुवातच भांडणापासून झाली होती. लूसीने तर लग्नानंतर आडनाव पण बदललं नाही, त्यापायी १८७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सने बायकांना शाळा समितीपुरतं मत दिलं तेव्हा नवऱ्याचं आडनाव लावत नाही म्हणून तिचं नाव यादीतून काढलं. यावर आई बराच वेळ काही बोलली नाही, तिच्या रेशन कार्डावर एक नाव आणि पेन्शनच्या कागदावर दुसरं, तिला कळलं असणार.

शेवटचा स्टॉप टॅपन स्क्वेअर, गावातलं मोकळं मैदान, तिथे माझी बॅटरी संपली, म्हणून बाकावर बसून उरलेलं मीच तोंडी सांगितलं: लूसी १८९३ मध्ये गेली, देशभर बायकांना मत मिळायच्या सत्तावीस वर्षं आधी, आणि अँटोनेटने १९२० मध्ये ९५ व्या वर्षी जाऊन मत टाकलं.

पाचपैकी साडेतीन. बाक फार कमी आहेत, वयस्कर माणसं सोबत असतील तर घडीची खुर्ची न्या. आईने परत जाताना एअरपोर्टवर पण विचारलं, त्या बाईचं नाव मिळालं का. टूरवाल्यांना मेल टाकलाय, उत्तर आलं की इथेच अपडेट करते.