पंचगंगेचा पूर बादलीत: उनो स्टार्टर किट घ्यावं का?

‘उनो स्टार्टर किट’ या नावानं वेगवेगळ्या विक्रेत्यांकडं जो प्लास्टिकचा डबा मिळतो, त्यातलं सामान जवळपास सारखंच असतं: आर्डुइनो उनोच्या धर्तीचा बोर्ड (प्रोग्रॅम भरून चालवायचा चिमुकला संगणक), ब्रेडबोर्ड (डाग न देता तारा खोचायची पाटी), एलईडी, रेझिस्टर (वीज अडवणारा), बझर, छोटी सर्वो मोटर, एचसी-एसआर०४ अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाज सोडून प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा), डीएचटी११ तापमापक. सामान पैसे वसूल करणारं आहे. पुस्तिका मात्र टाकाऊ. दिवा लावा, दिवा विझवा, मोटर फिरवा. दहा वर्षांचं पोर तिसऱ्या दिवशी कंटाळतं.

कोल्हापुरात या डब्यातून करण्याजोगी एक भारी गोष्ट आहे. पावसाळ्यात पंचगंगेच्या पाण्याबद्दल ‘राजाराम बंधाऱ्यावर किती फूट?’ हा घराघरातला प्रश्न. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. तीच पातळी मोजणारं यंत्र बापलेकांनी बादलीवर बांधावं.

प्रमाण धरा १ सेंमीला २ फूट. ३९ फूट म्हणजे १९.५ सेंमी, ४३ म्हणजे २१.५. २०१९ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, म्हणजे २७.५ सेंमी, तेव्हा बादली निदान ३० सेंमी खोल हवी. सेन्सर तळापासून ३५ सेंमीवर, तोंड खाली करून बसवा. काठाशीच बसवला तर महापुराला जेमतेम अडीच सेंमी अंतर उरतं, आणि २ सेंमीच्या आत हा सेन्सर आंधळा असतो. त्याचे दोन ‘डोळे’ १६ मिमीचे. लाकडी पट्टीला तेवढी भोकं घरच्या ड्रिलनं पडत नसतील तर उद्यमनगरातल्या वर्कशॉपात पाडून घ्या. बादलीऐवजी पाइप वापरू नका, आवाज भिंतींवर आपटून आकडे नाचतात.

सेन्सरची ट्रिग पिन (आवाज सोडायला सांगणारी) बोर्डाच्या ९ नंबरला, इको (प्रतिध्वनी कळवणारी) १० ला, हिरवा-पिवळा-लाल दिवा ४, ५, ६ ला. ० आणि १ मोकळे सोडा, प्रोग्रॅम त्याच वाटेनं चढतो. प्रत्येक दिव्याला २२० ओहमचा रेझिस्टर. निळ्या अंगाच्या रेझिस्टरवर लाल आणि तपकिरी पट्टे रात्रीच्या उजेडात सारखेच दिसतात. चुकून १० हजार ओहमचा लागला तर दिवा मिणमिणतो. मल्टिमीटर डब्यात नसतो, तो घ्याच.

प्रतिध्वनी परत यायला लागलेले मायक्रोसेकंद भागिले ५८, की सेंमी मिळतात. ३५ मधून ते वजा केले की पाण्याची उंची. दोन मोजण्यांत ६० मिलिसेकंद थांबा, पाच आकडे घेऊन, चढत्या क्रमानं लावून मधला धरा, म्हणजे लाटांचा त्रास जातो. इथं एक हमखास चूक होते: प्रतिध्वनी आलाच नाही तर प्रोग्रॅमला ० मिळतो, ३५ वजा ० म्हणजे ७० फूट, आणि कोरड्या बादलीवर लाल दिवा पेटतो. शून्य आलं तर ते मोजणं सोडून द्या, असं आधीच लिहा.

या किटचं खरं मोल पुढं कळतं. ५८ हा आकडा साधारण २० अंश तापमानाचा. तेव्हा आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो आणि दर अंशाला सुमारे ०.६ मीटरनं वाढतो. मे महिन्यात ३५ अंशांना तो ३५२ होतो. अंतर कमी भरतं, इशारा पातळीच्या आसपास पाणी पाऊण फूट जास्त दिसतं. उन्हानं पूर का वाढला, हे पोराला शोधू द्या, उत्तर लगेच सांगू नका. मग डीएचटी११ जोडून दुरुस्ती करायची.

आता डब्यातल्या खोडी. बऱ्याच स्वस्त बोर्डांवर संगणकाशी बोलणारी सीएच३४० चिप असते. जुन्या विंडोजवर तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. तरीही संगणकाला बोर्ड दिसला नाही तर केबल बदला, नुसत्या चार्जिंगच्या केबलमधून प्रोग्रॅम जात नाही. मोठ्या ब्रेडबोर्डची लाल-निळी रेघ मध्येच तुटलेली दिसली तर तिथला पुरवठाही तुटलेला असतो. बझर दोन असतात: पोटाकडून हिरवा बोर्ड दिसतो तो पॅसिव्ह, नुसता ५ व्होल्ट दिल्यानं तो वाजत नाही. चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीवर पैसे घालवू नका, काही तासांत बसते. पॉवर बँक बरी.

काही डब्यांत रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) असतो, त्यावर २५० व्होल्ट छापलेलं असतं. घरच्या विजेला तो अजिबात जोडू नका, शेजारी पाण्याची बादली आहे. पूर आणायचा तर ५ व्होल्टचा बुडवायचा छोटा पंप वेगळा आणा आणि त्याला वीज मोबाइलच्या चार्जरची द्या, बोर्डाच्या पिनची नाही.