ब्राउन फॅटचा श्वास कशावर मोजायचा: सीहॉर्स, ओरोबोरोस की अख्खा उंदीर?

ब्राउन फॅटवर, म्हणजे शरीराला ऊब देणाऱ्या तपकिरी चरबीवर, काम सुरू करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न लवकरच पडतो: तिचा ऑक्सिजनचा खप सीहॉर्सवर (प्लेटमधल्या पेशींचा खप मोजणारं यंत्र) मोजायचा, ओरोबोरोसवर (बंद चेंबरमधल्या ऊतीचा खप मोजणारं यंत्र) की जिवंत उंदरावर? बहुतेक वेळा उत्तर ठरतं ते प्रयोगशाळेत कोणतं यंत्र आधीच आहे त्यावरून. तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं. तिन्ही ठिकाणी मोजला जातो ऑक्सिजनच, पण तिन्हीकडून मिळणारी उत्तरं वेगळ्या प्रश्नांची असतात.

इतर पेशींत मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाघरांच्या) आतल्या पडद्यापाशी साठलेला प्रोटॉनांचा दाब मुख्यतः एटीपी, म्हणजे पेशीला वापरता येणारी ऊर्जा, बनवायला खर्च होतो. ब्राउन फॅटमध्ये यूसीपी-१ हे प्रथिन त्याच प्रोटॉनांना आडवाटेने आत सोडतं आणि ती ऊर्जा उष्णता होऊन निघते. मोकळी मेदाम्लं यूसीपी-१ ला जागं करतात, तर एटीपी-जीडीपीसारखे न्यूक्लिओटाइड त्याला दाबून ठेवतात. यूसीपी-१ ची ही कळ कोणाच्या हातात आहे, हे पाहूनच साधन निवडावं.

सीहॉर्समध्ये ती पेशीच्या हातात राहते. २४ किंवा ९६ खणांच्या प्लेटमध्ये पेशी जिवंत आणि अखंड असतात. सेन्सर खाली येतो, पेशींवर काही मायक्रोलिटरची जागा कोंडली जाते आणि तिथला ऑक्सिजन किती वेगाने घटतो ते वाचलं जातं. नॉरएपिनेफ्रिन (थंडीत ब्राउन फॅटला जागं करणारा शरीराचा निरोप) दिलं की रिसेप्टर, लिपोलिसिस (साठलेली चरबी फोडणं), मेदाम्लं, यूसीपी-१ अशी पूर्ण साखळी हलते. एखाद्या औषधाचे आठ डोस किंवा एखादं जनुक बंद केलेल्या पेशी तपासायच्या असतील, तर एका दिवसात भरपूर पुनरावृत्तींसह काम होतं. इथे त्याला तोड नाही.

पण किटसोबत येणारा नेहमीचा क्रम (एटीपी बनवणं थांबवणारं ऑलिगोमायसिन, पडदा गळका करणारं एफसीसीपी, मग ऑक्सिजन वापरणारी इलेक्ट्रॉन साखळी बंद करणारं रोटेनोन-अँटिमायसिन) ब्राउन फॅटला जसाच्या तसा लावू नका. त्यातून मायटोकॉन्ड्रियाची तब्येत कळते, यूसीपी-१ चं काम कळत नाही. आधी ऑलिगोमायसिनने एटीपी सिंथेज बंद करा, मग आयसोप्रोटेरेनॉल (नॉरएपिनेफ्रिनसारखं काम करणारं औषध) द्या. त्यानंतर ऑक्सिजनचा खप चढला तर तो एटीपीसाठी नाही, एवढं नक्की म्हणता येतं. माध्यमात मेदाम्लविरहित बीएसए (मेदाम्लं बांधून ठेवणारं गाईच्या रक्तातलं प्रथिन) घालायला विसरू नका. लिपोलिसिसमधून सुटलेली मेदाम्लं बांधून ठेवणारं कोणी नसेल, तर ती स्वतःच पडदा गळका करतात आणि यूसीपी-१ नसलेल्या पेशीही छान चढलेला आलेख देतात. असा आलेख पाहून हुरळलेले लोक मी पाहिले आहेत, मीही त्यांतला एक होतो. यूसीपी-१ नसलेल्या उंदरांच्या पेशी शेजारच्या खणांत ठेवल्या, तेव्हा कुठे खरं काय ते दिसलं.

दुसरी अडचण साधी आहे, पण दिवस खाते. चरबीने भरलेल्या पक्व पेशी तरंगतात, प्लेटला चिकटत नाहीत. म्हणून पूर्वपेशी प्लेटमध्येच वाढवून साधारण आठवडाभर पक्व कराव्या लागतात. मोजणीआधी प्रत्येक खण मायक्रोस्कोपखाली बघा. कडेच्या खणांत पेशींचा थर सालीसारखा सुटलेला असतो, आणि तो खण आकडा मात्र देतच राहतो. शेवटी खणातला डीएनए मोजून ऑक्सिजनच्या आकड्याला त्याने भागा. हे यंत्र आम्लताही मोजतं, पण त्या आकड्यावरून ग्लायकोलिसिसबद्दल (ग्लुकोज फोडण्याबद्दल) फार बोलू नका: त्यात कार्बन डायऑक्साइडचा आणि लिपोलिसिसचाही वाटा असतो.

ओरोबोरोसमध्ये ती कळ तुमच्या हातात येते. नेहमीच्या मॉडेलमध्ये दोन मिलिलिटरच्या दोन चेंबर असतात, ढवळणी असते आणि ऑक्सिजन इलेक्ट्रोड. ब्राउन फॅट इतकं जोमाने श्वास घेतं की एक-दोन मिलिग्रॅम ऊती पुरते. डिजिटोनिनने पेशींचा बाहेरचा पडदा उघडायचा किंवा ऊती वाटून होमोजेनेट करायचं, आणि मग लांब सुईच्या सिरिंजने एकेक पदार्थ सोडत जायचं: पायरुव्हेट-मॅलेट, सक्सिनेट आणि या ऊतीचं खास इंधन, ग्लिसरॉल-३-फॉस्फेट. सीहॉर्समध्ये प्रत्येक खणाला चारच पोर्ट असतात, इथे संख्येला बंधन नाही. शेवटी जीडीपी घातलं की ऑक्सिजनचा खप जेवढा घसरतो, तो यूसीपी-१ चा वाटा. ब्राउन फॅटबद्दल यापेक्षा थेट आकडा मला माहीत नाही.

हात मात्र सराईत हवा. उंदराच्या खांद्यांमधली ब्राउन फॅटची गादी फुलपाखरासारखी दोन पाळ्यांची असते आणि तिच्यावर पांढऱ्या चरबीचा थर असतो. तो मायक्रोस्कोपखाली सोलून काढला नाही, तर वजनात पांढरी चरबी मोजली जाते आणि मिलिग्रॅममागचा आकडा उगाच पडतो. चेंबर बंद करताना एखादा बुडबुडा अडकला तर ती मोजणी सोडून द्या, कारण हवेत पाण्याच्या कित्येक पट ऑक्सिजन असतो. दोन नमुन्यांच्या मध्ये चेंबर इथेनॉलने नीट धुवा: रोटेनोन आणि अँटिमायसिन कडांना चिकटून राहतात आणि पुढच्या नमुन्याचा गळा धरतात. शिवाय एका वेळी दोनच नमुने होतात, म्हणून दोन गटांतले उंदीर आलटून पालटून घ्या. नाहीतर संध्याकाळपर्यंत बर्फात थांबलेला गट आपोआप कमकुवत ठरतो.

गोठवलेली ऊतीच हाताशी असेल, तर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतीने इलेक्ट्रॉन साखळीची क्षमता मोजता येते. पण गोठवताना पडदा फाटतो, त्यामुळे यूसीपी-१ बद्दल त्यातून काहीच कळत नाही.

या दोन्हींतून कळते ती क्षमता. उंदीर ती वापरतो का, हे बघायला जिवंत उंदीरच लागतो. नेहमीच्या २१-२२ अंशांत उंदराला थंडीच वाजत असते, म्हणून थंडी न वाजणाऱ्या ३० अंशांत ठेवून नॉरएपिनेफ्रिन टोचा आणि ऑक्सिजनचा खप किती वाढतो ते बघा. भूल द्यायची तर पेंटोबार्बिटल द्या. हॅलोथेनसारखी श्वासावाटे दिलेली भूल नेमकी याच उष्णतेला दाबते. थंडीला सरावलेला आणि ३० अंशांत राहिलेला, असे दोन्ही गट हवेतच, कारण नॉरएपिनेफ्रिनने इतर अवयवांचा खपही थोडा वाढतो.

माणसांसाठी एफडीजी-पेट, म्हणजे खुणेचं ग्लुकोज टोचून कुठे शिरतं ते दाखवणारं स्कॅन, आहे. प्रौढांत ब्राउन फॅट असतं हे २००९ मध्ये त्यानेच ठळक झालं. पण तो ग्लुकोज किती शिरलं ते दाखवतो, उष्णता नाही. यूसीपी-१ नसलेल्या उंदरांचं ब्राउन फॅटही ग्लुकोज ओढतं.

माझा सल्ला विचाराल तर: औषधं किंवा जनुकं चाळायची असतील तर सीहॉर्स. एखाद्या उंदराच्या ऊतीत यूसीपी-१ खरंच किती काम करतं हे सांगायचं असेल तर ओरोबोरोस. शोधनिबंधात ‘ऊर्जेचा खर्च वाढला’ असं वाक्य लिहायचं असेल तर उंदीर, मग बाकी काहीही केलेलं असो. एकाच यंत्रापुरती सोय असेल आणि प्रश्न अजून पक्का नसेल, तर मी ओरोबोरोसवर शिकेन. तिथे प्रत्येक पदार्थ स्वतः घालावा लागतो, त्यामुळे काय चाललंय ते समजून घ्यावंच लागतं.

काहीही निवडलंत तरी कापण्याआधी संपूर्ण गादीचं वजन लिहून ठेवा. थंडीत ठेवलेल्या उंदराची गादी वाढते, उबेत ठेवलेल्याची चरबीने फुगते, आणि मिलिग्रॅममागचा आकडा दोन्ही वेळा फसवू शकतो. उंदराला उष्णता मिळते ती संपूर्ण गादीतून, आणि हे वजन नंतर कुठूनच मिळत नाही.