इंजिनासाठी ऐनाचं टेबल: एक अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर

मोटरसायकलचं इंजिन उघडायचं टेबल किती वजन पेलतं, हा प्रश्न मला आता दुय्यम वाटतो. स्प्लेंडरचं इंजिन एकटा माणूस उचलून ठेवतो, जुन्या कास्ट आयर्न बुलेटचं दोघं मिळून ठेवतात. एवढं वजन घरातलं बरं जेवणाचं टेबलही पेलेल. टेबलाची खरी परीक्षा होते ती पान्याला जोर लावल्यावर. मॅग्नेटचा नट, क्लचचा नट, स्प्रॉकेटचा जाम झालेला बोल्ट, हे सगळे जोर आडवे लागतात. टेबल त्या जोराने जरा जरी हललं तरी पाना नटावरून सटकतो आणि नटाच्या कडा गोल होतात, नाहीतर आपली बोटं केसिंगवर आपटतात.

थोडा हिशेब सांगतो, कारण माझं सगळं टेबल त्यावर उभं आहे. ३०० मिमीच्या पान्याच्या टोकाला २० किलोचा जोर लावला की नटाला साधारण ६० न्यूटन-मीटर (पिळाच्या जोराचं माप) मिळतात. तो नट जमिनीपासून ९० सेंमीवर असेल आणि टेबल ६५ सेंमी रुंद असेल, तर टेबल आणि इंजिन मिळून ५५ किलोच्या वर असायलाच हवेत. नाहीतर आपल्याकडे ओढताना मागचे पाय उचलतात. ही झाली फक्त उलटण्याची मर्यादा. डुगडुगणं त्याच्या खूप आधी सुरू होतं, आणि ते वजनाने थांबत नाही, सांगाड्याच्या बांधणीने थांबतं.

आमचा मांगर, म्हणजे बागेतली कामाची कोठी, मालवणपासून थोडा आत, माडांच्या बागेला लागून आहे. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, खाली कोबा. खारा वारा थेट आत येतो आणि जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते. इथे टेबल दणकट म्हणजे काय, हे पुण्या-कोल्हापूरच्या गॅरेजपेक्षा वेगळं ठरतं. मी हे टेबल दिवाळीनंतर बनवून घेतलं, हिवाळा-उन्हाळा त्यावर काम केलं आणि पूर्ण पावसाळा काढला. त्यावर बुलेट, स्प्लेंडर आणि आरएक्स १०० अशी तिन्ही स्वभावांची इंजिनं उघडली आहेत. म्हणून आता लिहायला हरकत नाही.

माप १५०० बाय ६५० मिमी, उंची ७२० मिमी. उंचीवर बरेच जण हरकत घेतात, कारण फिटरचं टेबल सहसा ८५० ते ९०० मिमी असतं. पण आपलं काम टेबलाच्या पृष्ठावर नसतं, इंजिनाच्या माथ्यावर असतं. ९०० मिमीवर बुलेटचं इंजिन उभं केलं तर हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे नट छातीच्याही वर जातात आणि खांद्यातून जोर लावावा लागतो. ७२० वर हेड कोपराच्या आसपास येतं. व्हाइसला (वस्तू आवळून धरायच्या शिकंजाला) मात्र ही उंची कमी पडते, म्हणून त्याच्याखाली ऐनाचाच १० सेंमीचा ठोकळा घातला आहे.

सांगाडा ५० बाय ५० बाय ६ मिमीच्या लोखंडी अँगलचा, म्हणजे काटकोनात दुमडलेल्या पट्टीचा. हा अँगल मीटरला ४.५ किलो भरतो, आणि सगळा मिळून साधारण पंधरा मीटर लागला, म्हणजे सत्तर किलोच्या जवळपास लोखंड. कुडाळला फॅब्रिकेशनवाल्याने चौकोनी पाइप घ्या म्हणून बराच आग्रह केला. त्याचं म्हणणं पिळाच्या बाबतीत बरोबर होतं, बंद पाइप अँगलपेक्षा पिळाला कितीतरी ताठ असतो. पण किनाऱ्यावर बंद पाइप आतून गंजतो आणि बाहेरून रंग शाबूत दिसतो. वेल्डिंगला बारीकसं भोक राहिलं तरी दमट हवा आत जाते, रात्री आत पाणी सुटतं आणि ते बाहेर यायला वाट नसते. अँगलची प्रत्येक बाजू उघडी असते. डोळ्यांना दिसते, ब्रशने रंगवता येते, गंज धरला तर घासून काढता येतो. समुद्रापासून लांब राहणाऱ्यांनी खुशाल पाइप घ्यावा. इथे मी अँगलच सांगेन.

अँगल पिळाला कच्चा, ही उणीव तिरक्या पट्ट्या भरून काढतात. माझ्या मते संपूर्ण टेबलात पैशाला सर्वात जास्त मोल देणारी गोष्ट हीच. मागच्या बाजूला ४० बाय ५ मिमीच्या दोन पट्ट्या फुलीसारख्या लावल्या आहेत, दोन्ही कुशींना एकेक तिरका अँगल आहे. पातळ पट्टी ओढ सहन करते, दाब नाही. म्हणून मागे एकच पट्टी पुरत नाही, दोन विरुद्ध दिशांनी हव्यात. टेबल डावीकडे कललं की एक ताणते, उजवीकडे कललं की दुसरी. पुढची बाजू पायांसाठी मोकळी हवी असते, तिथे वरच्या कोपऱ्यांत ६ मिमीचे तिकोनी पत्रे वेल्ड केले. वेल्डिंग नुसतं टाके मारून सोडू देऊ नका. पूर्ण सांध्याला सलग मारून घ्या आणि वरची खपली छिन्नीने काढल्याशिवाय रंगाला हात लावू देऊ नका. खपलीवर मारलेला रंग पहिल्या पावसात पापुद्र्यासारखा निघतो.

वरचा भाग ऐनाचा, म्हणजे ऐन या झाडाच्या जड, कठीण लाकडाचा, ५० मिमी जाड. लाकूड जुन्या घराच्या तुळयांचं. ऐन घनमीटरला ८०० ते ९०० किलो भरतो, म्हणजे एवढं पृष्ठ चाळीस किलोच्या घरात जातं. हे वजन उंचावर बसल्यामुळे हातोडीचा ठोका नीट लागतो, टेबल दणदणत नाही. जुन्या लाकडात मोडलेले खिळे दडलेले असतात, त्यामुळे वखारीत नेण्याआधी एकेक तुळई लोहचुंबक फिरवून तपासली. सुतारकाकांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "ऐन आसा रे ह्यो. खिळो जावचो नाय, आदी भोक पाड." प्रत्येक बोल्टला ड्रिलने भोक पाडूनच काम झालं.

फळ्या चार आहेत आणि हिवाळ्यात बसवताना त्यांच्यामध्ये ३ ते ४ मिमीची फट मुद्दाम ठेवली. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. जुलैच्या अखेरीस त्या फटींत पोस्टकार्डसुद्धा जेमतेम जात होतं. फट नसती तर फळ्यांनी एकमेकींना रेटून मधून उचल खाल्ली असती. खालच्या अँगलला बोल्टची भोकं गोल न ठेवता लांबट ठेवली, तीही याचसाठी. या फटींचा एक त्रास आहे. वॉशर, सर्कलिप, स्टीलच्या बारीक गोळ्या थेट खाली जातात. फळ्यांच्या खालून टायरच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून लावल्यावर तो त्रास संपला, आणि रबर असल्यामुळे फळी हलायला मोकळी राहिली.

ऐनासारख्या लाकडात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. ओलीत त्याला साधं लोखंड लागलं की भोवती काळा डाग पडतो आणि बोल्टही खाल्ला जातो. म्हणून लाकडातले सगळे बोल्ट स्टेनलेस घेतले, ग्रीस लावून बसवले. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसवर समुद्राजवळ चहाच्या रंगाचे डाग येतात, तसे माझ्याकडेही आलेत, पण ते वरवरचे आहेत. ३१६ ग्रेडमध्ये मॉलिब्डेनम असतं, ते जास्त टिकतं, पण टेबलासाठी तेवढा खर्च मला गरजेचा वाटत नाही.

खालच्या अंगाला आणि फळ्यांच्या कापलेल्या टोकांना काजूच्या टरफलांचं तेल लावलं. मालवणी किनाऱ्यावर होड्यांना हे तेल लावण्याची जुनी रीत आहे, वाळवी आणि पाणी दोन्ही लांब राहतात. पावसाळ्यानंतर मी टेबल खालून दिवा लावून तपासलं. बुरशी नाही, वाळवीची माती नाही. पण हे तेल कातडीला लागलं तर फोड येतात, भाजल्यासारखं होतं. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि मोकळी हवा याशिवाय त्याला हात लावू नका. वाळायलाही खूप वेळ लागतो आणि रंग काळपट येतो, त्यामुळे वरच्या पृष्ठाला ते लावलं नाही. तिथे जवसाचं तेल पातळ हाताने, दोन-तीन वेळा. ज्या चिंध्यांनी जवसाचं तेल लावाल त्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्या स्वतःहून तापतात आणि पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून ठेवा किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवा. ज्या जागेत पेट्रोल असतं तिथे हे जास्तच पाळायला हवं.

उजव्या टोकाला ६०० बाय ६५० मिमीची, ५ मिमी जाड लोखंडी प्लेट आहे. वजन पंधरा किलो. ती मी पक्की केलेली नाही, कडेला वळवलेल्या पट्टीने अडकून बसते. लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये ओल दबली की गंज सर्वात वेगाने तिथेच धरतो, म्हणून प्लेट उचलता येणं महत्त्वाचं आहे. पावसाळ्यात दर आठवड्याला उचलून खाली ग्रीसचा हात फिरवत होतो. वरची बाजू उघडी, घासलेली ठेवली आहे. जुलैत संध्याकाळी कोरडी पुसून ठेवलेली प्लेट सकाळी तांबूस दिसते, इतकी इथली हवा खारट. काम संपल्यावर इंजिन ऑइलचं फडकं फिरवणं हा आता रोजचाच भाग झाला आहे. बेअरिंग बसवणं, पिन ठोकणं, धुण्याचा ट्रे ठेवणं, हे सगळं या प्लेटवर. क्रँककेसचे (इंजिनाच्या खालच्या कवचाचे) दोन भाग वेगळे करताना मात्र लाकडाकडे जातो. अॅल्युमिनिअमच्या जोडाच्या पृष्ठभागाला लोखंडावर ओरखडा पडला की मग गॅस्केट कितीही चांगली घाला, तेल झिरपतं.

इंजिन धरायला प्रत्येक जातीची वेगळी अँगलची चौकट केली आहे. इंजिन गाडीत ज्या बोल्टांवर बसतं त्याच भोकांत ते चौकटीवर बसतं आणि चौकट टेबलाला दोन १२ मिमी बोल्टांनी आवळतो. बुलेटचं इंजिन उभं असल्यामुळे ते निदान कशाच्या तरी आधाराने राहील. स्प्लेंडरचा सिलिंडर जवळजवळ आडवा असतो, ते इंजिन चौकटीशिवाय लोळतं. चौकट नसलेल्या टेबलावर एक हात इंजिन धरण्यातच जातो. ज्यांना पूर्ण टेबल बनवणं जमणार नाही, त्यांनी आहे त्या टेबलाला निदान चौकट तरी करून घ्यावी.

व्हाइस पायाच्या बरोबर वर बसवा. दोन पायांच्या मधोमध बसवला तर प्रत्येक ओढीला कड वाकते.

खालच्या फळीवर चार चिरे ठेवले आहेत, एकेक २५-३० किलोचा. त्यांनी एकूण वजन दोनशे किलोच्या पुढे गेलं आणि तोल खाली आला. चिरा पाणी धरून ठेवतो, म्हणून त्यांच्याखाली रबराचा तुकडा आहे, लोखंडाला थेट लागू दिलेला नाही. काहींनी विचारलं की टेबल भिंतीलाच का नाही ठोकलं. चिरा मऊ आणि सच्छिद्र असतो, फास्टनर त्यात धरून राहत नाही, जोराच्या ओढीला भोक मोठं होत जातं. शिवाय भिंतीची ओल मागच्या फळीला लागली असती. मी वीतभर अंतर सोडलं आहे, तिथून हवा खेळते आणि झाडूही जातो. कोबा कधी सपाट नसतोच. म्हणून चारही पायांना १६ मिमीचे बोल्ट आणि त्यांच्याखाली टायरचे तुकडे आहेत. पाणसळ ठेवून एकदा सपाट केलं, पावसाळ्यानंतर फक्त एक पाय अर्धा फेरा वर घ्यावा लागला.

आता जे पसंत पडलं नाही ते. सागाचे दोन खण केले होते, ते ऑगस्टमध्ये फुगून उघडेनासे झाले. त्या जागी आता पत्र्याचे ट्रे आहेत. पायांच्या बोल्टांचं जस्त पहिल्याच पावसात गेलं, तिथे गंज सर्वात जास्त आहे. एका फळीच्या टोकाला बोटभर चीर गेली आहे, पण ती वाढलेली नाही. इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि वर एनॅमल अशी रंगाई आहे. ती सपाट जागी उत्तम टिकली, अँगलच्या धारेवर मात्र सुटली, कारण धारेवर रंग पातळच बसतो. रंगवण्याआधी सगळ्या धारा ग्राइंडरने जरा गोल करून घेतल्या तर हे टळेल. आणि हे टेबल हलवता येत नाही. भाड्याच्या जागेत असाल तर सांगाडा वेल्ड न करता बोल्टने जोडून घ्या, तिरक्या पट्ट्या तेवढ्या सोडू नका.

इंजिन टेबलावर चढवायला कौलांच्या वाशांना चेन ब्लॉक टांगायचा मोह होतो. तो करू नये. ते वासे कौलांच्या भारासाठी असतात, लोंबत्या ओझ्यासाठी नाहीत. आम्ही दोघं मिळून उचलतो, आणि बुलेट असेल तर आधी हेड-ब्लॉक गाडीवरच उतरवून इंजिन हलकं करून घेतो.

हत्यारांच्या पेटीत पावसाळाभर जुन्या पद्धतीचा तारेचा छोटा बल्ब लावून ठेवतो. त्याच्या उबेने पेटीतली हवा कोरडी राहते, पाने गंजत नाहीत. एलईडी इथे चालत नाही, तो तेवढी ऊब देत नाही. उघडलेल्या इंजिनावर मात्र प्लास्टिक टाकत नाही, आत दव धरतं. जुनी सुती चादर तेलाचा हात दिलेल्या भागांवर टाकली की पुरते.

पुढच्या मे महिन्यात फळ्यांना जवसाच्या तेलाचा आणखी एक हात आणि पायांना स्टेनलेसचे बोल्ट, एवढंच काम काढलं आहे. सांगाड्याला हात लावायची गरज दिसत नाही.